‘वडील काय करतात?’



ह्या अंकातून चार कविता मागं ठेवल्या आणि ती पानं इंटरव्ह्यूला दिली. त्यावरून आपल्या बैठकीत जाम वाजलं. काही जण म्हणाले, लिटल मॅगझिन काढताय की नोकरीचं गाईड? व्यवस्था उलथवायची भाषा करणाऱ्यांनी पोरांना साहेबापुढं कसं बसावं ते शिकवायचं? ही चाटूगिरी झाली. दुसरे म्हणाले, खोलीचं भाडं थकलंय, आई चार घरची भांडी घासून मोडलीय, तुमची क्रांती पहिल्या तारखेला किती देते तेवढं सांगा.

दोन्ही बाजूंनी आवाज चढला. कुणी उठून गेलं नाही, हे चांगलं झालं. पण वाद तिथंच सोडायचा नाही म्हणून हे लिहितोय. लिहिणारा गोदीतला हमाल आहे, मॅट्रिक आहे. इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या खुर्चीत कधी बसलेला नाही. समोरच्या खुर्चीत मात्र बऱ्याचदा बसलाय.

आधी हा इंटरव्ह्यू नावाचा प्रकार आला कुठून ते बघू. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. गिरणीच्या दारात उभं राहायचं. जॉबर बघणार, आपल्या गावचा, आपल्या गोतावळ्यातला उचलणार. आपली माणसं गिरणीत होती, पण विणकाम खात्यात त्यांना जागा नव्हती. तिथं कमाई जास्त. कारण काय दिलं जायचं? कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावा लागतो, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावट्याखाली उभं राहूनही धोटा विटाळत होता, हे विसरायचं नाही.

त्या जॉबरचा इंटरव्ह्यू एका प्रश्नाचा होता. कुठला रं तू? आज गिरण्या गेल्या, त्यांच्या जागेवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्याच जागेवर एसी लावलेल्या केबिनीत बसलेला टायवाला साहेब तोच प्रश्न गोड आवाजात विचारतो. जरा फॅमिली बॅकग्राऊंड सांगा. वडील काय करतात? मूळ गाव कुठलं? सध्या राहता कुठं? चार उत्तरं मिळाली की जात न विचारता जातीचा दाखला त्याच्या हातात पडतो.

कुणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडं जातच दिसते. मग ऐका. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा लेख आला. दिल्लीतल्या 25 कंपन्यांच्या भरती बघणाऱ्या मॅनेजरांशी ते बोलले होते. सगळे मॅनेजर म्हणाले, आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच तोंडानं जवळपास सगळे म्हणाले, उमेदवाराची घरची पार्श्वभूमी आम्ही विचारतोच, ती महत्त्वाची असते. म्हणजे गुणवत्ता पोराची आणि तपासणी बापाची. त्याच साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दुसरा प्रयोग छापला. पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त नाव वेगळं. सवर्ण हिंदू नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला एक-तृतीयांश. ही गोष्ट इंटरव्ह्यूच्याही आधीची. खुर्चीत बसायच्या आधीच आपले किती जण पाकिटातच गळतात, ह्याचा हा हिशेब.

मग तयारी कशाला करायची? दार बंदच असेल तर धडका देऊन फायदा काय? फायदा आहे, कारण दार पूर्ण बंद नाही. अर्धवट उघडं आहे, आणि त्या फटीतून कोण आत जाणार हे अजून पंधरा मिनिटांच्या बोलण्यावर ठरतं. सवर्णाचा पोरगा त्या पंधरा मिनिटांची तयारी जन्मापासून करत असतो. त्याचा काका बँकेत, मामी कॉलेजात, शेजारचा कंपनीत. रात्री जेवताना घरात जे बोलणं चालतं तोच त्याचा क्लास. साहेबाशी कसं बोलावं, नाही कसं म्हणावं, पगार कसा मागावा हे त्याला आमटीबरोबर वाढलं जातं. आपल्या घरात जेवताना काय बोलणं होतं? पाणी आलं का, रेशन मिळालं का, मुकादमानं खाडा लावला का. हेही शहाणपणच आहे. पण ते केबिनीत चालत नाही. तेव्हा जे त्याला ताटावर मिळतं ते आपण विहारात, वाचनालयात, जिन्याखाली बसून मिळवायचं. ह्यात चाटूगिरी कुठं आली?

चाटूगिरी वेगळी. त्याबद्दल पुढं बोलतो. आधी प्रश्न घेऊ. हे प्रश्न ठरलेले आहेत. कंपनी कुठलीही असो, पाच-सात प्रश्नांतच गाडी फिरते.

पहिला. ‘स्वतःबद्दल सांगा.’ इथंच आपण फसतो. आपण जन्मतारखेपासून सुरू करतो. गाव, बाप, आई, भाऊ किती, बहिणी किती, छंद क्रिकेट. न विचारता सगळा पंचनामा साहेबाच्या टेबलावर ठेवतो. त्यानं विचारलंय कामासाठी, तर कामाचं सांगायचं. मला काय येतं, कुठं शिकलो, त्याचा पुरावा काय, आणि इथं का आलो. दीड-दोन मिनिटं, बस्स. समजा कंटेनर यार्डात टॅली क्लार्कची जागा आहे आणि आपला पोरगा तिथं हमाली करत होता. तर त्यानं म्हणावं, ‘मी तीन वर्षं यार्डात काम केलंय. कंटेनरचा नंबर मला तोंडपाठ वाचता येतो. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा पडताळणीचा आकडा. सील तुटलेलं, पत्रा वाकलेला लांबून कळतो. रजिस्टरही लिहितो आणि कॉम्प्युटरवर नोंदही करतो.’ हे ऐकल्यावर साहेबाला पुढचा प्रश्न कंटेनरबद्दल विचारावा लागतो. विचारणार कोण हे तो ठरवतो, पण काय विचारणार हे बऱ्याचदा आपलं पहिलं उत्तर ठरवतं.

दुसरा, तोच आपला जॉबरचा प्रश्न. ‘वडील काय करतात?’ ह्यावर आपल्या पोरांची उत्तरं आम्ही गोळा केली. कुणी म्हणतं ‘सर्व्हिसला आहेत’. कुणी म्हणतं ‘बिझनेस’. कुणी बापाला जिवंतपणी मारून टाकतं, म्हणजे पुढचा प्रश्न नको. दोस्तांनो, ज्या माणसानं गटारात उतरून आपल्या वह्या घेतल्या त्याला आपण टेबलाखाली लपवतो. आणि खोटं एकदा बोललं की नोकरीभर सांभाळावं लागतं. डबा खाताना, लग्नाची पत्रिका देताना, कुणी घरी येतो म्हणालं तर. ती भीती पगारातून कापली जाते.

तेव्हा खरं सांगा, एका वाक्यात सांगा आणि पुढं चला. ‘वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत. पहाटेची पाळी असते. घरात सगळ्यांना वेळेवर उठायची सवय त्यांनीच लावली.’ आवाज बारीक करायचा नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, दयेचा अर्ज करायचा नाही. बाप काय काम करतो ते सांगितलं, संपलं. पुढं कामावर यायचं. कुणाला हा प्रश्न अडवायचा असेल तर तोही हक्क आहे. शांतपणे म्हणावं, ‘ह्या कामाशी त्याचा संबंध कळला तर नेमकं सांगता येईल.’ पण ह्याची किंमत असते. नोकरी हातची जाऊ शकते. किती किंमत द्यायची ते ज्याच्या घरी चूल पेटायचीय त्यानं ठरवावं. चळवळीनं बाहेर उभं राहून त्याला भित्रा म्हणू नये.

तिसरा. ‘तुमचा वीक पॉईंट सांगा.’ गाईडात उत्तर छापलेलं असतं, मी फार जास्त काम करतो, हाच माझा दोष. हे उत्तर साहेबानं सकाळपासून बारा वेळा ऐकलेलं असतं. आपली पोरं उलट टोकाला जातात. मान खाली घालून म्हणतात, सर, माझं इंग्लिश कच्चं आहे. जसा काही गुन्हा कबूल करतोय. मधला रस्ता धरा. कमी काय आहे आणि त्यावर काय चाललंय, दोन्ही सांगा. ‘इंग्रजी वाचतो, पत्र लिहितो. बोलताना अडतो. सहा महिने रोज रात्री एक तास मोठ्यानं वाचतोय.’ मात्र खरंच वाचायचं. उत्तर पाठ करून इंग्रजी येत नाही.

आणि भाषेचं एक सांगतो. आपल्यात बरेच जण ‘ण’चा ‘न’ करतात. पानी, लोनी, कोन. केबिनीत पलीकडचा ओठांच्या कोपऱ्यात हसतो. तो हसला की आपली जीभ टाळ्याला चिकटते आणि येत असलेलंही उत्तर जातं. ‘ण’चा ‘न’ झाला म्हणून हिशेब चुकत नाही आणि मशीन बंद पडत नाही. हसू दे त्याला. वाक्य पूर्ण करा. प्रश्न इंग्रजीत आला आणि कळला नाही तर परत विचारा. उत्तर मराठीत, हिंदीत देऊ का म्हणून विचारा. न कळता मान डोलवणं सगळ्यात वाईट.

चौथा. ‘मधली दोन वर्षं काय करत होता?’ आपल्यातला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी शाळा-कॉलेजातून तुटलेला असतो. बाप आजारी पडला, झोपडं तुटलं, फी भरली नाही. त्या दोन वर्षांत पोरगं नाक्यावर उभं राहिलं, रंगकाम केलं, गोण्या उचलल्या, घरोघर पार्सलं पोचवली. आणि विचारल्यावर सांगतो काय? ‘घरीच होतो.’ अरे, घरी कुठं होतास? घर तू चालवत होतास. अंगमेहनतीला काम न समजणारी ही बामणी सवय आपल्याच डोक्यात शिरलीय. ती काढा. बायोडाटात लिहा, कुठं, किती महिने, काय काम. दिवसाला चाळीस पार्सलं वेळेवर पोचवणाऱ्या पोराला शहराचा नकाशा, हिशेब आणि माणसं तिन्ही कळतात.

पोरींना वेगळेच प्रश्न येतात. लग्न कधी? लग्नानंतर नोकरी सोडणार का? रात्री उशीर झाला तर घरचे चालवून घेतील? पोरींनो, साहेबापुढं आयुष्याचा जमाखर्च मांडायची गरज नाही. ‘पाळीची वेळ मला माहीत आहे, ती मी पाळणार’, एवढं पुरे. आणि लगेच उलट विचारायचं, रात्री सुटल्यावर घरी सोडायला गाडी आहे का?

शेवटी साहेब म्हणतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ आपण म्हणतो, नो सर, थँक्यू सर, आणि पाठ न दाखवता मागं मागं सरकत बाहेर पडतो. हे बंद. विचारा. नोकरी कंपनीची की कंत्राटदाराची? किती तासांची पाळी? ओव्हरटाइम कसा धरतात? पीएफ कापतात का? नेमणुकीचं पत्र कधी मिळणार? पगाराचा आकडा घरून ठरवून जायचा. त्याच कामाला त्याच भागात काय मिळतं ते आधी दोघा-तिघांना विचारायचं. ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणाऱ्याला ते देतील तेच मिळतं.

आता चाटूगिरीचं. एक प्रश्न असा आहे की तिथं माणूस विकला जातो. ‘आरक्षणाबद्दल तुमचं काय मत?’ आडनाव ऐकून किंवा दाखला बघून हा प्रश्न येतो. साहेबाला मत नको असतं, हे पोरगं वाकतं का ते बघायचं असतं. काही पोरं वाकतात. म्हणतात, सर, आता बंद व्हायला पाहिजे, लायकीवर मिळायला पाहिजे. असं बोलून नोकरी मिळाली तरी ती मागून येणाऱ्या पोराच्या नावावर कर्ज काढून मिळवलेली असते. काही पोरं उलट भडकतात, अर्धा तास भाषण ठोकतात. साहेबाला तेही हवंच असतं. तो फाईलवर लिहितो, स्वभाव तापट. आमचं म्हणणं, उत्तर दोन वाक्यांत द्यावं. ‘कलम 16(4) नं दिलेली ती घटनेची तरतूद आहे आणि मला ती मान्य आहे. माझ्या कामाची परीक्षा तुम्ही कितीही कडक घ्या.’ बस्स. बापाचं काम लपवायचं नाही, आणि आरक्षणाला शिवी द्यायची नाही. बाकी टाय लावायचा की नाही, सर म्हणायचं की साहेब, हात मिळवायचा की नमस्कार करायचा, ह्यात तत्त्व काही नाही. इस्त्रीचा शर्ट घातला म्हणून कुणी फितूर होत नाही. बाबासाहेब सुटात वावरले.

एवढं करूनही नोकरी मिळेलच, असं आम्ही सांगत नाही. उत्तर चांगलं दिलं म्हणून जात विरघळत नाही. 1917 साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून काठ्या घेऊन लोकांनी बाहेर काढलं. त्या माणसाच्या तयारीत काय कमी होतं? तेव्हा नाही म्हणून परत आलेल्या पोराला वस्तीत कुणी विचारू नये, तू काय चुकलास? विचारायचं ते असं, तुला काय काय विचारलं?

आणि इथंच आमचं खरं म्हणणं आहे. विचारलेलं लिहून ठेवा. प्रत्येक वस्तीत एक वही करा. विहारात ठेवा, वाचनालयात ठेवा. जो कोणी इंटरव्ह्यू देऊन येईल त्यानं त्याच रात्री लिहावं. तारीख, जागा कुठली, खोलीत किती जण होते, किती मिनिटं, कुठले प्रश्न, आपण काय उत्तर दिलं. वहीचा पहिला उपयोग मागून येणाऱ्याला. दुसरा उपयोग त्याहून मोठा.

1980 साली सुप्रीम कोर्टात अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब हा खटला चालला. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण. लेखी परीक्षेला 100 मार्क, तोंडीला 50. पोरांनी कोर्टाला सांगितलं, आमची तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि विचारलं काय तर आईबाप कोण, राहता कुठं. विषयातलं काहीच नाही. निकाल न्यायमूर्ती भगवतींनी लिहिला. तोंडी परीक्षेला एकूण मार्कांच्या 15 टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी आहे, असं कोर्टानं ठरवलं, आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात असंही सुचवलं. बघा, प्रश्न तोच होता. बाप कोण? पोरांनी तो ध्यानात ठेवला म्हणून कोर्टात सांगता आला.

सरकारी नोकरीत तरी थोडा फरक पडलाय. 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारनं गट ‘क’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. वरच्या नोकऱ्यांना मुलाखत आहेच. यूपीएससीच्या 2025 मार्कांत 275 मुलाखतीचे आहेत. घटनेचं कलम 16(2) म्हणतं, सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास ह्यांवरून भेदभाव करायचा नाही. कूळ आणि निवाससुद्धा! पण खाजगी कंपनीला हे कलम लागू नाही. आणि नोकऱ्या तर आता तिकडंच जास्त. खाजगी नोकरीत न्याय मागायचा तर नुसत्या घोषणेनं भागणार नाही. शंभर वस्त्यांच्या शंभर वह्या एकत्र आल्या, तारखांसकट, प्रश्नांसकट, तर कुणाला म्हणता येणार नाही की तुम्हाला सगळीकडं जातच दिसते.

आता कामाला लागू. पहिलं, ज्यांना नोकऱ्या लागल्यात, बँकेत, महापालिकेत, कॉलेजात, कंपनीत, त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीत यावं. टेबलाच्या पलीकडं बसावं आणि पोरांना प्रश्न विचारावेत. नुसती देणगी पाठवून मोकळं होऊ नये. दुसरं, हल्ली इंटरव्ह्यू मोबाईलवर होतात. दहा बाय दहाच्या खोलीत कुकरची शिट्टी, टीव्ही, शेजारचं भांडण, आणि नेट मधेच जातं. विहाराची एक खोली, एक खुर्ची, पाठीमागं कोरी भिंत आणि चांगलं नेट, एवढं उभं करायला फार पैसा लागत नाही. तिसरं, वही. चार दिवसांत सुरू करा. ज्याला लिहिताना अडतं त्याच्यासाठी दुसऱ्यानं लिहावं.

पुढच्या अंकापासून वह्यांतले प्रश्न छापत जाऊ. पोरांची नावं छापणार नाही. मागं ठेवलेल्या चार कविता पुढच्या अंकात पहिल्या पानावर येतील, कवींनी शिव्या थांबवाव्यात.

आणि ज्यांचा इंटरव्ह्यू ह्या आठवड्यात आहे त्यांनी आज रात्री बापाशेजारी बसावं आणि विचारावं, तुम्ही कामावर नेमकं काय काय करता? आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते नीट माहीतच नसतं. माहीत असलं तर सांगताना आवाज बारीक होणार नाही.

जय भीम.